कुठं निघाला मोर्चा?



चार जणी मिळून बाजाराला निघाल्या, की पारावर बसलेला कुणीतरी विचारतोच, "काय, कुठं निघाला मोर्चा?" आपण हसतो, पदर सावरतो आणि पुढं जातो. घरात पोरगं अभ्यासावरून उठून फडताळाकडे सरकलं, की आपणच म्हणतो, "वळवला का मोर्चा लाडवांच्या डब्याकडे?" पेपर उघडावा तर पहिल्या पानावर पुढाऱ्यांची तिकिटासाठी मोर्चेबांधणी चाललेली असते आणि आतल्या पानावर कुठल्यातरी कचेरीवर मोर्चा धडकलेला असतो. इतका हा शब्द आपल्या तोंडात बसलेला आहे. पण बचत गटाच्या बैठकीत एखादी म्हणाली, "रेशनसाठी आपण मोर्चा काढू या का?" तर तोच शब्द एकदम जड होतो. निम्म्या जणी खाली बघतात. कुणी म्हणते, घरी विचारून सांगते.

डब्याकडे वळवताना हलका असणारा हा शब्द कचेरीकडे वळवताना एवढा जड का होतो? आम्ही केंद्रावरच्या मैत्रिणींनी ठरवलं, की त्याची कुळकथाच बघावी.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. आमच्यातल्या शाळा शिकलेल्या मुलींना वाटत होतं, की मोर्चा हा इंग्रजी 'मार्च'वरून आलेला आहे. शाळेत पंधरा ऑगस्टला 'मार्च' म्हणत पाय आपटतात, मोर्च्यातही चालतात, तेव्हा असेल तसंच. पण तसं नाही. हे दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत. मार्च युरोपातून आला आणि मोर्चा फारसीतून. आपल्या भाषेत बाजार, कागद, दुकान, जमीन हे शब्द ज्या वाटेनं आले, त्याच वाटेनं हाही आला. फारसीत 'मोरचाल' म्हणजे किल्ल्याला वेढा घालणाऱ्या फौजेनं खणलेला चर. त्या भाषेत 'मूर' म्हणजे मुंगी आणि 'चाल' म्हणजे खड्डा. मुंग्या कशा माती उकरून बाहेर टाकतात, वारुळाभोवती कडं करतात आणि आतून सरकत सरकत पुढं जातात, ते डोळ्यांपुढं आणा. वेढ्यातले सैनिकही तसंच करायचे. तटावरून गोळ्या येत असायच्या. मग चर खणायचा, निघालेल्या मातीचा बांध पुढ्यात घालायचा, त्याच्या आड तोफ ठेवायची आणि थोडं थोडं पुढं सरकायचं. त्या जागेला म्हणायचे मोर्चा. त्यात चालणं नव्हतं, घोषणा नव्हत्या. मोर्चा ही ठाण मांडून बसायची जागा होती.

मोल्सवर्थ साहेबांचा मराठीचा मोठा कोश १८५७ साली दुसऱ्यांदा छापला गेला. त्यात हा शब्द 'मोरचा' असा आहे आणि अर्थ लढाईचाच आहे. 'मोर्चे लावणे', 'मोर्चे बांधणे' हे तेव्हाचे खरे वाक्प्रचार. पुढाऱ्यांची मोर्चेबांधणी तिथूनच आली. तोफेचं तोंड एका बुरुजाकडून दुसऱ्या बुरुजाकडे फिरवायचं, तो 'मोर्चा वळवणे'. आता आपलं पोरगं ते लाडवांच्या बाबतीत करतं. शब्दांचं असंच असतं. सैन्याबरोबर येतात आणि स्वयंपाकघरात राहतात.

वेढा कसा असायचा, याची आपल्याच मुलखातली एक गोष्ट सांगतो. १५९५ सालच्या शेवटी अकबर बादशहाचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यावर चालून आला. आत निजामशाही होती आणि ती सांभाळणारी होती चांदबिबी. मोगलांनी भोवती मोर्चे लावले आणि तटाखाली सुरुंग खणले. एका सुरुंगानं तटाला भगदाड पाडलं. बाहेरच्यांना वाटलं, आता काय, सकाळी आत शिरायचं. त्या रात्री चांदबिबीनं स्वतः उभं राहून भगदाड बुजवून घेतलं. सकाळी बघतात तर भिंत उभी. मोगलांना तह करावा लागला. त्यांना वऱ्हाड मिळालं, पण किल्ला तेव्हा मिळाला नाही.

ही गोष्ट आपण चांदबिबीच्या शौर्यासाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण आज तिच्यातलं दुसरं काही बघा. मोर्चा तेव्हा कुणाचा होता? बलवानाचा. ज्याच्याकडे माणसं, तोफा आणि महिनोन्महिने पुरेल इतकं धान्य, तो मोर्चे लावायचा. आतल्यांचं पाणी आणि दाणा तोडायचा आणि वाट बघत बसायचा. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा आत शिवाजी महाराज होते आणि मोर्चे बाहेर होते. आज मात्र ज्यांच्याकडे पाणी नाही, दाणा नाही, ते मोर्चा घेऊन जातात आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहे ते फाटकाच्या आत असतात. शब्द तोच राहिला, माणसांची जागा बदलली. आम्हाला तरी या शब्दाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उलथापालथ वाटते.

ही उलथापालथ एका दिवसात झाली नाही आणि सगळीकडे सारखीही झाली नाही. पंजाबात हा शब्द आजही 'बसण्या'चाच आहे. १९२२ साली अमृतसरजवळ 'गुरू का बाग'चा मोर्चा झाला. कारण काय, तर सरपण. गुरुद्वाऱ्याच्या लंगरासाठी, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चुलीसाठी, लोक बागेतली लाकडं तोडायचे. जुन्या महंतानं तक्रार केली, ती चोरी ठरवली गेली आणि अटका सुरू झाल्या. मग रोज एक जथा जायचा, पोलिसांच्या लाठ्या खायचा आणि हात उचलायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा जथा. असं आठवडेच्या आठवडे चाललं. चुलीच्या लाकडांसाठी एवढं सोसलं लोकांनी, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. अलीकडे २०२० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमांवर ट्रॉल्या लावून बसले, चुली मांडल्या, थंडी काढली, त्यालाही पंजाबी माणसं मोर्चाच म्हणाली. म्हणजे त्यांनी जुना अर्थ जपला: जागा धरायची, हलायचं नाही.

मराठीत मोर्चा उठला आणि चालायला लागला. आता मराठी माणसाला मोर्चा म्हटलं की रस्ता दिसतो, रांग दिसते, फलक दिसतात. चालायची सवय तर आपल्याला आधीपासून आहेच. आषाढीला दिंडीत चालणाऱ्या बाईला रांगेत चालणं, मागचीला सांभाळणं, गळ्यात गळा मिळवणं कुणी शिकवावं लागत नाही. पण दिंडी भेटीला जाते, मिरवणूक गावभर मिरवते आणि मोर्चा मागायला जातो. मोर्च्याला पोचायची जागा असते आणि त्या जागी उत्तर देणारा माणूस असावा लागतो. १९३८ च्या जानेवारीत कोकणातली कुळं खोतीच्या जाचाविरुद्ध मुंबईत कायदेमंडळावर चालून गेली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पुढे होते. किल्ल्याच्या जागी आता कायदेमंडळाची इमारत आली होती. तोफ नव्हती, मागण्यांचा कागद होता.

मग बसायचं झालं तर मराठीत काय म्हणायचं? त्यासाठी आपला जुना शब्द आहे: धरणे. धरणं धरणारा सावकार असायचा किंवा पगार थकलेला शिपाई असायचा. तो देणेकऱ्याच्या दारात येऊन बसायचा आणि अन्नपाणी सोडायचा. तो उपाशी असेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचं नाही, अशी रीत. पापाचं भय होतं, लाजेचंही होतं. १८०९ साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्यानं आपल्या पत्रांत या धरण्यांबद्दल लिहिलं आहे. पुढं १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली उदाहरण म्हणून धरणंच दिलं होतं: दैवी कोपाचं भय घालून एखाद्याच्या दारात धरणं धरून बसणं हा गुन्हा. आमच्या मनात एक विचार येतो. ज्या घरात सगळ्यांना उपाशी राहावं लागायचं, तिथं चूल न पेटवता बसलेली बाई होती. दारातल्या माणसाचं नाव सांगितलं जातं. आतल्या बाईचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. आज मोर्चा फाटकापाशी अडवला, की आपण तिथंच बसकण मारतो आणि पेपरात येतं, 'महिलांचे धरणे'. बाई आतून बाहेर आली, असं म्हणायचं.

आता आपल्या स्वतःच्या मोर्च्यांकडे येऊ.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्या आज्या अजून गावोगाव आहेत. सुकडी खाल्लेल्या, रस्त्याच्या कडेला उन्हात खडी फोडलेल्या. लाखो माणसं दुष्काळी कामावर होती आणि त्यांत बायका काही थोड्या नव्हत्या. त्याच वर्षी मुंबईत महागाईविरुद्ध बायकांनी एक समिती उभी केली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. तेल, साखर, रॉकेल परवडेना, मिळेना. या बायकांनी घरातलीच वस्तू बाहेर काढली. लाटणं घेतलं, थाळी घेतली आणि रस्त्यावर बडवली. त्याला नाव पडलं 'लाटणे मोर्चा'.

नावाकडे जरा लक्ष द्या. एरवी मोर्च्याला नाव असतं ते माणसांवरून किंवा मागणीवरून: कामगारांचा मोर्चा, शिक्षकांचा मोर्चा, पीक विम्याचा मोर्चा. बायकांच्या मोर्च्याला नाव पडलं हातातल्या वस्तूवरून. लाटणे मोर्चा, हंडा मोर्चा, घागर मोर्चा, थाळीनाद. फलक लिहायला रंग लागतो, अक्षरं लागतात. रिकाम्या हंड्याला काही लागत नाही. तो डोक्यावरून खाली उतरवून कचेरीच्या पायरीवर ठेवला, की निवेदनातला पहिला परिच्छेद वाचून झाला. मृणालताई मुंबईत पाण्यासाठी इतक्या लढल्या, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले. आणीबाणीत त्या भूमिगत राहून लढल्या, पुढं तुरुंगात गेल्या. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा लोकांनी गंमत केली: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!

शहरातलं पेपरात आलं. पण त्याच सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याच्या बाजूला, भिल्ल बाया जथ्यानं दारूच्या गुत्त्यांवर चालून जात होत्या आणि मडकी फोडत होत्या. तिथं सुरुवात जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यानं झाली होती. श्रमिक संघटनेच्या सभांना नवऱ्यांबरोबर बायका यायला लागल्या आणि त्यांनी स्वतःचा विषय पुढं आणला: मजुरी वाढून उपयोग काय, ती संध्याकाळी गुत्त्यात जात असेल तर? दारू पिऊन मारणाऱ्याला जाब विचारायलाही त्या एकत्र जायच्या. किल्ला नाही, कायदेमंडळ नाही, मोर्चा थेट गावातल्या गुत्त्यावर आणि नवऱ्याच्या दारावर. आम्हाला विचाराल तर सगळ्यात अवघड मोर्चा तो. कारण तालुक्याच्या मोर्च्याहून माणूस संध्याकाळी परत घरी येतो. या मोर्च्याला परतायची जागाच ती.

आणखी एक गंमत. मराठीत मोर्चा 'काढतात'. आपण पाणी काढतो, दूध काढतो, कर्ज काढतो, वेळ काढतो, दिवस काढतो. आत असलेलं बाहेर आणायचं, म्हणजे काढायचं. हे क्रियापद बायकांच्या हातातलंच आहे. पण पेपरवाले लिहितात 'मोर्चा धडकला'. डोक्यावर हंडा, कडेवर पोर, पायात झिजलेली चप्पल, अशी बाई कशावर धडकणार? ती पोचते, तेच पुष्कळ. आणि कचेरीतले लोक म्हणतात 'मोर्चा आला'. 'आला', 'गेला'. शंभर बायका असल्या तरी मोर्चा पुल्लिंगीच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर वेळेवर येईना, तेव्हा आम्ही सहा वाड्यांच्या गटांच्या बायका तालुक्याला गेलो. जायच्या आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा होता. अर्जावर विषय काय लिहायचा, यावरून बैठकीत तासभर वाद झाला. एक वयस्कर आत्याबाई म्हणाल्या, "बायांनो, मोर्चा म्हणलं की पोलीस येत्यात, पोरांच्या नोकरीला नडतंय. भेट म्हणा. साहेबांची भेट घ्यायला चाललोय म्हणा." बऱ्याच जणींना ते पटलं. भेट म्हटलं की घरातूनही कुणी अडवत नाही. मग एक तरुण सून बोलली. ती म्हणाली, "आत्याबाई, भेटीला गेलो तर साहेब चहा पाजतील आणि म्हणतील बघतो. भेटीची नोंद कुठं होती?" आत्याबाईंनी थोडा विचार केला आणि त्याच म्हणाल्या, "मग लिव्हा मोर्चा. माझं नाव पयलं लिव्हा, माझ्या पोरास्नी नोकरी न्हाई."

तिनं मांडलेली गोष्ट खरी आहे. भेटीचा कागद राहत नाही. मोर्च्याचा अर्ज ठाण्याच्या आवक नोंदीत चढतो, त्याला क्रमांक पडतो, तारीख पडते. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का आणि सही घेतली की ती पोच होते. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, की या वाडीतल्या बायका पाण्यासाठी कधी बोलल्या होत्या, तर दाखवायला तेवढंच असतं. आमचा टँकर पुढच्या आठवड्यात सुरू झाला. तो मोर्च्यामुळे आला की तसाच यायचा होता, ते कचेरीलाच ठाऊक. पोच मात्र आमच्या पेटीत आहे.

त्या दिवशी आणखी एक पाहिलं. फाटकावर साहेबांचा निरोप आला, की पाच जणांचं शिष्टमंडळ आत पाठवा. बरोबर आलेले गावातले चार पुरुष लगेच उठले, इस्त्रीचे सदरे सारखे केले आणि आत निघाले. हंडे आम्ही आणलेले आणि बोलायला ते! आम्ही त्यांना थांबवलं. पण हे फक्त आमच्याकडे घडतं असं नाही. फोटोत पुढं बायका आणि शिष्टमंडळात पुरुष, हे चित्र आपण कितीदा पाहिलं आहे. शिष्टमंडळ हा शब्द मोर्च्याच्या पोटातला आहे, म्हणून सांगतो: ज्याच्यासाठी एवढं चालून आलो, ते बोलणं तिथंच होतं.

२०१६ साली मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. ऑगस्टमध्ये औरंगाबादपासून सुरुवात झाली. त्यांच्या मागण्यांवर तेव्हाही मतं वेगवेगळी होती, आजही आहेत. आपण इथं फक्त रीत बघतो आहोत. लाखो माणसं, घोषणा नाही आणि पुढं मुली. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन आल्या त्या मुली. मोर्चा म्हणजे ओरडणं, ही समजूत त्या वर्षी मागं पडली.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी मुंबईला पायी आले. ६ तारखेला निघाले आणि १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात पोचले. साधारण १८० किलोमीटर. त्यात आदिवासी बायका खूप होत्या. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी. चपला तुटलेल्या, तळव्यांची कातडी निघालेली, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या दिवशी मुंबईत दहावीची परीक्षा होती. मुलांना अडचण नको म्हणून ही माणसं दिवसभराच्या चालीनंतर झोपली नाहीत, रात्रीच पुढं चालत राहिली. सरकारनं लेखी आश्वासन दिलं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा चालायला निघाले, यावरून त्या लेखी आश्वासनाचं काय झालं ते समजा. या चालण्याला सगळे 'लाँग मार्च' म्हणाले. मार्च महिना, लाँग मार्च आणि मोर्चा, असे तीन वेगळ्या घरचे शब्द त्या आठवड्यात एका रस्त्यावर आले होते.

पण सगळे मोर्चे परत घरी येत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. आत्याबाईंची भीती उगीच नव्हती. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा तिथं आला होता. अनुसूचित जमातीच्या यादीत 'गोंड गोवारी' असं नाव आहे. ते एकाच जमातीचं की दोन वेगळ्या, म्हणजे नुसत्या गोवारींना सवलती लागू की नाही, हा वाद होता. संध्याकाळपर्यंत त्यांना भेटायला कुणी आलं नाही. मग लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. नागपुरात त्यांचं स्मारक आहे आणि एका उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. त्या मागणीचा कागद पुढं उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२० साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. ज्या घरांतून बाई गेली, त्या घरांत हा शब्द कसा उच्चारला जात असेल?

म्हणून मोर्च्याला जायचं तर तयारीनं जावं. संविधानाच्या १९ व्या कलमानं आपल्याला शांततेनं आणि हत्याराशिवाय एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे. त्याच वेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे. त्याखाली ठरावीक दिवसांसाठी जमावबंदी लावता येते आणि काठ्या वगैरे न्यायलाही बंदी घालता येते. लाटणं त्यात बसतं की नाही, हा आमचा जुना विनोद आहे. पण तुमच्या जिल्ह्यात त्या तारखांना असा आदेश आहे का, ते ठाण्यात आधी विचारून घ्या. पाणी बरोबर ठेवा. लहान मुलं शक्यतो नेऊ नका. वयस्कर बायका मधोमध ठेवा, कडेला नको. परत जायची गाडी कुठं उभी आहे ते प्रत्येकीला माहीत असू द्या. आणि शिष्टमंडळात कोण जाणार, त्यांची नावं घरून निघायच्या आधी ठरवा.

आता एक काम तुम्हाला. तुमच्या गावातल्या आजीला, काकीला विचारा, की तिच्या काळी बायकांचा कुठला मोर्चा निघाला होता. दुष्काळी कामाच्या मजुरीसाठी असेल, दारूच्या दुकानावर असेल, शाळेच्या खोलीसाठी असेल. ती आधी म्हणेल, "मोर्चा कसला, आम्ही आपल्या गेलो होतो सगळ्याजणी." तिथं थांबू नका. किती जणी होत्या, कुठून कुठं चालल्या, हातात काय होतं, आत कोण गेलं, काय उत्तर मिळालं, ते विचारा. साल आठवत नसेल तर कुठल्या मुलाच्या जन्माच्या आधी की नंतर, ते विचारा, साल आपण काढू. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवताईंच्या मोबाइलवर बोलून घ्या आणि केंद्रावर पाठवा. पुढच्या महिन्यात आम्ही ते वाचून दाखवू, आजीचं नाव घ्यायचं की नाही ते आजीला विचारून.